परत न गेलेल्यांचं गाव

जर्मनीहून परतल्यावर मिरजेच्या आमच्या वाचनालयातल्या मंडळींनी मला दोनदा बोलायला उभं केलं. दोन्ही वेळा मी रस्ते, आगगाड्या आणि कचऱ्याच्या निरनिराळ्या रंगांचे डबे यांवर बोललो, शाल-नारळ घेतला आणि घरी आलो. ज्यासाठी गेलो होतो ते दोन्ही वेळा गिळून टाकलं. तोंडाने सांगवत नाही, म्हणून आता लिहायला बसलो आहे.

मी शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. त्यात फ्रान्स म्हणजे माझा हातखंडा. नववीच्या वर्गात नांतच्या जाहीरनाम्याचा धडा आला की शेजारच्या वर्गातले शिक्षकही दारात येऊन उभे राहायचे. फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांनी तीसेक वर्षं एकमेकांचे गळे कापले. अखेर चौथ्या हेन्रीने जाहीरनामा काढून प्रोटेस्टंटांना, म्हणजे ह्युगेनॉट लोकांना, आपापल्या पद्धतीने देव भजायची मुभा दिली. त्याच्या नातवाने, चौदाव्या लुईने, १६८५ साली तो शब्द परत घेतला. विणकर, घड्याळजी, टोप्या शिवणारे, हजारो कुटुंबं रातोरात देश सोडून गेली. 'जाहीरनामा रद्द केल्याचे परिणाम लिहा' हा प्रश्न मी दरवर्षी दहा मार्कांना घालत असे, आणि लुईला भर वर्गात नापास करत असे.

माझी दोन्ही मुलं त्याच शाळेत शिकली. फाटकाच्या आत 'सर', बाहेर 'बाबा', असा माझा कडक नियम होता. वृंदा पाचवीत असताना मैदानात पडली, गुडघा फुटला, आणि ती 'बाबा, बाबा' करत धावत आली. मी आधी 'सर म्हण' म्हणालो आणि मग रुमाल बांधला. शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट मी कौतुकाने सांगायचो.

वृंदा दहावी झाली त्या दिवशी पेढे वाटताना मी सगळ्या नातेवाइकांसमोर जाहीर केलं होतं, "हिचं लग्न हीच ठरवील. जात, धर्म, काहीही आड येणार नाही. हा माझा शब्द." पुढे नऊ वर्षांपूर्वी तिने सुहासचं नाव सांगितलं. सुहास आमच्या मिरजेचाच, मराठी ख्रिस्ती घरातला. आई नर्स, वडील हार्मोनियम वाजवणारे. मुलात खोट काढायला जागा नव्हती. तरी मी शब्द फिरवला. 'या घरात तुला जागा नाही' इथपर्यंत बोललो. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि जर्मनीत एर्लांगेनला निघून गेली. तिथे ती दवाखान्यातल्या तपासणीच्या यंत्रांवर काम करते.

दोन वर्षांपूर्वी माझी बायको सुमती गेली. वृंदा मिरजेला आली, सासरी उतरली. लोक येताहेत, तमाशा नको, असा मी निरोप धाडला आणि ती आमच्या उंबऱ्याशी न येताच नवव्या दिवशी परत गेली. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. तास झाला, ऊन चढलं. माझा मुलगा समीर खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, बोला आता. सगळ्यांना ठाऊक आहे कशासाठी अडलंय." असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी मी हात जोडले आणि म्हणालो, "वृंदाला घरात घेईन." कावळा आला, शिवला. लोकांनी डोळे पुसले. घरी येताना मी स्वतःला समजावलं की तो भुकेला होता. त्यानंतर दोन वर्षं मी वृंदाला साधा फोनही केला नाही. म्हणजे शब्द मी दोनदा फिरवला. लुईने एकदाच फिरवला होता.

समीर वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपनीत आहे. यंदा त्याने बोलावलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. वय त्र्याहत्तर, छातीत एक स्प्रिंग बसवलेली. हा प्रवास पुन्हा होणार नव्हता. पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीने भरलेला सुमतीचा स्टीलचा डबा होता. त्याच्या झाकणावर 'सौ. सुमती पाटणकर' असं टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे.

वाल्डॉर्फ

दिवाळी नुकतीच झाली होती. आकाश दुपारी तीनलाच राखेसारखं व्हायचं आणि रस्त्यावर माणूस दिसायचा तो कुत्र्यामागे चालणारा. गाव इतकं शांत की मी पहिले दोन दिवस आपण मोठ्याने खोकतो आहोत या विचाराने अवघडलो होतो.

माझी नात ओवी नऊ वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलर जिन्यात भेटल्या तेव्हा तिने माझी ओळख करून दिली. 'ओपा' म्हणजे आजोबा आणि 'लेहरर' म्हणजे शिक्षक, हे दोन शब्द मी त्या दिवशी शिकलो. लेहरर म्हटल्यावर बाईंनी अदबीने मान झुकवली. मला बरं वाटलं.

ओवीला विचारलं, "शाळेत धर्म शिकवतात म्हणे?" ती जर्मनमध्ये भराभरा बोलली आणि सूनबाईंनी, अश्विनीने, पोळ्या लाटता लाटता अर्थ सांगितला. "बाबा, त्या तासाला वर्ग फुटतो. कॅथलिक एका खोलीत, प्रोटेस्टंट दुसऱ्या खोलीत. ही आणि आणखी काहीजण तिसऱ्या खोलीत चित्रं रंगवतात."

"आणि टॅक्सच्या फॉर्मवर धर्माचा कॉलम असतो," समीर म्हणाला. "चर्चचे मेंबर असाल तर पगारातून वेगळा कर कापतात. मी 'नाही' लिहिलंय."

ज्या भांडणापायी या भूमीवर गावंच्या गावं बेचिराख झाली ते आता शाळेच्या तीन खोल्यांत आणि फॉर्मच्या एका रकान्यात मावलं होतं. मी हे बोलून दाखवलं तर समीर हसला. "गेनाऊ, अगदी बरोबर. बाबा, तुमचा तास सुरू झाला."

त्याच संध्याकाळी फ्राऊ केलर दिवाळीच्या चिवड्याचा डबा परत करायला आल्या. स्वच्छ धुतलेला, पुसलेला, आत आभाराची चिठ्ठी. त्या गेल्यावर अश्विनी डबा हातात घेऊन उभीच राहिली. "मला माहितेय, बाबा, यांच्यात तसं नसतं. पण रिकामा डबा हातात आला की कसंतरीच होतं. आमच्या आईने चिमूटभर साखर तरी घातली असती." मग ती तासभर त्यावरच बोलत होती. आमच्या घरीही तेच. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणजे येणं-जाणं चालू राहतं. सुमतीने तर शेजारणीशी अबोला असतानाही तिचा डबा गूळ घालून परत केला होता. मी अश्विनीची थट्टा केली, म्हणालो, "अगं, चिठ्ठी होती ना आत? खा ती." तिला हसू आलं नाही.

हायडेलबर्ग

शनिवारी समीरने हायडेलबर्गचा किल्ला दाखवायला नेलं. नेकार नदीच्या वर, लालसर दगडाचा, धुक्यातून अर्धाच दिसणारा. लोक त्याला सुंदर म्हणतात. मला तो जखमी वाटला.

तिथे एक बुरूज आहे. त्याची भिंत इतकी जाड की तिच्या जाडीत दोन माणसं पाय पसरून झोपतील. लुईच्या सैन्याने खाली सुरुंग लावला. बुरूज कोसळला नाही, उभा चिरला, आणि अर्धा भाग अखंडच्या अखंड खंदकात घसरून पडला. तीन शतकं तो तसाच आहे. बुरुजाच्या आतल्या खोल्या, कमानी, सगळं उघड्यावर. घराच्या आतलं बाहेरच्यांना दिसावं तसं ते दिसत होतं आणि मला बघवेना.

त्या युद्धाचं कारण मी वर्गात दोन ओळींत उरकायचो. इथल्या राजाची मुलगी लुईच्या भावाला दिली होती. ती प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक, म्हणून लग्नाआधी तिला धर्म बदलायला लावला. बापाने राजकारण पाहून डोळेझाक केली. पुढे तिचा भाऊ निपुत्रिक वारला, तेव्हा लुईने तिच्या नावाने तिच्या माहेरावर हक्क सांगितला आणि सैन्य धाडलं. तिचं माहेर तिच्याच नावाने जाळलं. ती व्हर्सायच्या राजवाड्यात होती, तिचं कोणी ऐकलं नाही. परत ती इथे कधीच आली नाही.

त्या चिरलेल्या बुरुजापाशी मला पहिल्यांदा त्या बाईची कणव आली. एकतीस वर्षं मी तिला 'युद्धाचे तात्कालिक कारण' म्हणून फळ्यावर लिहिलं होतं. तिच्या बापाने राजकारणासाठी लेकीचा धर्म बदलू दिला. माझ्या लेकीने तर धर्म बदललाही नव्हता.

ओल्या पानांवरून उतरताना माझा पाय घसरला. समीरने दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही. खाली एका खाणावळीत बटाट्याचं सूप मागवलं तर त्यात तळाशी सॉसेजचे तुकडे निघाले. मी शाकाहारी. ओवीने ते सगळे चमच्याने वेचून आपल्या ताटलीत घेतले आणि वाडगा माझ्यापुढे सरकवला. सूप चांगलं होतं. मी ते संपवलं.

श्पायर

दुसऱ्या दिवशी ऱ्हाईन ओलांडून श्पायरला गेलो. तिथलं कॅथेड्रल पाहताना मान दुखते, इतकं उंच. रविवारची प्रार्थना संपत आली होती. आत थंडी अशी की दगड श्वास सोडताहेत असं वाटावं.

लुईचं सैन्य हे शहर जाळायला निघालं तेव्हा लोकांना सांगण्यात आलं की कॅथेड्रलला धक्का लागणार नाही, सामान तिथे आणून ठेवा. लोकांनी विश्वास ठेवला. पलंग, कपाटं, पाळणे, लोणच्याची पिंपं, जे उचलता आलं ते आणून या खांबांमध्ये छतापर्यंत रचलं. मग आग आत आली. त्याच सामानाने ती पेटती ठेवली. इतक्या लाकडावर दगडसुद्धा टिकला नाही, पश्चिमेकडचा भाग ढासळला.

मी हे समीरला सांगत होतो आणि माझाच आवाज मला ऐकू येत होता, वर्गातला, ठसठशीत. मधेच थांबलो. दिलेल्या शब्दावर विसंबून आपला संसार आणून ठेवणारी माणसं मला दिसायला लागली होती आणि त्यांत वृंदा होती.

बाहेर बाकावर बसलो. समीरने खिशातून चॉकलेट काढून दिलं आणि समोर बघत विचारलं, "बाबा, एर्लांगेनला कधी जायचं? पुढच्या बुधवारी तुमची फ्लाइट आहे."

"शनिवारी."

"मी तिला मेसेज करू? म्हणजे टर्मिन, भेटीची वेळ, ठरवून जाऊ. इथे कोणी असं अचानक जात नाही कुणाकडे."

"लेकीच्या घरी जायला टर्मिन घ्यायचा?" मी भडकलो. "आपल्यात कळवून जातात ते परके."

समीरने चॉकलेटचा कागद घडी घालून खिशात ठेवला. तो मला ओळखून आहे. खरं कारण मी आता कबूल करतो. कळवलं असतं तर ती 'येऊ नका' म्हणाली असती, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. दारात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बापाला ती परतवणार नाही, हा माझा हिशेब होता. हट्टाला मी रीतीचा मुलामा दिला होता.

"मुलगी आहे तिला," समीर म्हणाला. "साडेतीन वर्षांची. मीरा."

"सुमतीला माहीत होतं?"

"आई रोज दुपारी व्हिडिओ कॉल करायची. तुम्ही वाचनालयात गेलात की."

चॉकलेट तोंडात तसंच राहिलं. सुमती जाईपर्यंत दीड वर्ष माझ्या घरात रोज दुपारी एक नात हसत होती आणि मी वाचनालयात जुन्या लढायांवर वाद घालत बसलो होतो. मला सुमतीचा राग आला आणि तो लगेच माझ्यावरच उलटला.

एर्लांगेन

शनिवारी सर्व संतांचा दिवस होता. या दिवशी लोक आपापल्या मृतांच्या थडग्यांवर दिवे लावतात. दुकानं बंद, रस्ते ओस. आगगाडीच्या खिडकीतून गावोगावच्या दफनभूमीत तांबड्या काचेतले दिवे दिसत होते. आमच्याकडे पितृपंधरवडा उन्हात आणि कावळ्यांच्या गोंगाटात जातो. इथे सगळं मुकाट्याने चाललं होतं. समीर म्हणाला, "मी स्टेशनजवळच्या कॅफेत थांबतो. तुम्ही एकटेच जा. फोन चालू ठेवा." त्याने मला नकाशा कागदावर काढून दिला होता.

एर्लांगेनचं नाव मी वर्गात शेकडो वेळा घेतलं असेल. लुईने हाकललेल्या ह्युगेनॉटांना इथल्या छोट्या संस्थानिकाने बोलावलं. त्यांच्यासाठी कागदावर रेघा आखून नवं गाव वसवलं. ते लोक मोजे विणायचे, हातमोजे शिवायचे. गल्ल्या अजून पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत, घरं दोन मजली, एकसारखी. मुख्य चौकालाही ह्युगेनॉटांचंच नाव आहे. तिथे आता बसगाड्या थांबतात. सायकलवरून एक तरुण शीळ घालत गेला. त्याला त्या नावाचं काही नव्हतं.

चौकाजवळच त्यांचं चर्च आहे. दार उघडं होतं म्हणून आत शिरलो. चित्र नाही, मूर्ती नाही, सोनं नाही. पांढऱ्या भिंती, गोलसर बांधणी आणि बाकं. ज्यांच्याजवळ काही उरलं नाही त्यांनी बांधलेलं ते देऊळ. इथे शंभराहून अधिक वर्षं फ्रेंचमध्ये प्रार्थना चालत होती. नंतर ती भाषा समजणारी मुलं उरली नाहीत. मला ओवी आठवली. मी नास्तिक माणूस, तरी थोडा वेळ बसलो आणि सुमतीला म्हणालो, की बघ, आलो एकदाचा.

वृंदाचं घर तिथून तिसऱ्या गल्लीत. इथे बेलच्या बटणावर आडनाव लिहिलेलं असतं. मी सुहासचं आडनाव शोधत होतो. ते सापडलं, आणि त्याच्या आधी, त्याच पट्टीवर, 'पाटणकर' होतं. माझे डोळे भरून आले. मी तोडलेलं नाव तिने नऊ वर्षं दारावर ठेवलं होतं. त्या भरात मी बेल दाबली.

"या, बिटे?" वरून तिचा आवाज आला, 'कोण आहे?' अशा सुरात. आवाज सुमतीचा होता.

"वृंदा, मी. मिरजेहून आलोय."

दुसऱ्यांदा बेल दाबायला मी बोट उचललं. मग दार गुरगुरलं आणि उघडलं.

सुहास जिन्यात सामोरा आला. वाकून पाया पडला, माझी पिशवी घेतली. "या ना, बाबा. सावकाश, पायऱ्या उंच आहेत." ज्याला मी घराबाहेर ठेवलं तो मला बाबा म्हणत होता. मागे वृंदा दारात उभी होती. केस पांढरे व्हायला लागलेले, अंगात सुमतीचा जुना मोरपंखी स्वेटर. तिने नमस्कार केला नाही, ओरडलीही नाही.

"या, सर," ती म्हणाली.

मला वाटलं, रागात एकदा निघालं असेल. तसं नव्हतं. सबंध दुपार ती मला सर म्हणत होती.

एक मुलगी तिच्या पायांमागून डोकावली. माझ्याकडे बोट दाखवून तिने जर्मनमध्ये विचारलं. वृंदाने वाकून तिच्या कानाशी उत्तर दिलं. त्यातला एकच शब्द मला कळला, लेहरर. ओपा हा शब्दही मला येत होता, पण तो आला नाही. मीराने शहाण्यासारखा हात पुढे केला आणि मी तो हातात घेतला. सुमतीची बोटं होती, टोकाला निमुळती.

जेवायची वेळ होती. वृंदाने वरण-भात, लिंबू, तूप, बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी वाढली. वरणात जिऱ्याची फोडणी, अगदी सुमतीची. मी चटणीचा डबा पुढे केला. तिने झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि चटणी सगळ्यांच्या पानांत वाढली. मीराला तिखट लागली, सुहासने तिला पाणी पाजलं.

नंतर सुहास मीराला घेऊन आतल्या खोलीत गेला. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं म्हणून मी म्हणालो, "दारावर तू अजून पाटणकर लावतेस."

"पासपोर्टवर तेच आहे, सर. नाव बदलायला कॉन्सुलेटचे कागद लागतात, इथल्या आम्टचा, सरकारी कचेरीचा, टर्मिन लागतो. कंटाळा केला, राहून गेलं."

मी खाली मान घातली. मग सगळं सांगितलं. घाट, ऊन, न शिवणारा कावळा, मी दिलेला शब्द. दोन वर्षं तो पाळला नाही हेही सांगितलं. ती ऐकत होती. टेबलावरची शितं वेचत होती.

"त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मी मिरजेत होते," ती म्हणाली. "सासूबाईंच्या गच्चीवरून आपल्या गल्लीतला पिंपळ दिसतो. रोज मी त्या पिंपळाकडे बघत उभी राहायचे. चालत दहा मिनिटांचं अंतर."

"मी चुकलो, वृंदा."

"या," ती म्हणाली. इथे हो म्हणायला या म्हणतात, ते मला माहीत होतं, तरी निरोपाचं 'या' समजून मी क्षणभर दाराकडे पाहिलं. "चुकलात. पण शब्द काय दिला होतात? वृंदाला घरात घेईन. मग तुम्ही माझ्या घरी कसे आलात, सर? हे उलटं झालं. तुम्हाला घरात मी घेतलं."

मी म्हणालो, "मग चल मिरजेला. मीराला घेऊन ये. सुहासलाही. सगळ्यांसमोर घेईन घरात."

"आई आहे तिथे?"

मी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही परिणाम लिहायला सांगायचात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट थोडा मऊ झाला होता आणि त्यामुळेच जास्त लागत होता. "कारागीर गेले, व्यापार बुडाला, शत्रू बळकट झाले, शेजारी राज्यांत द्वेष वाढला. मी चारही लिहिले होते. तुम्ही दहापैकी नऊ दिलेत. एक का कापलात ते सांगितलं नाहीत."

"दहापैकी दहा मी कुणालाच देत नसे."

"पाचवा परिणाम मला इथे आल्यावर कळला. शंभर वर्षांनी, क्रांती झाल्यावर, फ्रान्सने त्यांच्या वंशजांना बोलावलं, या परत, सगळे हक्क देतो. या गल्लीतनं कोण जाणार होतं? तोवर ते इथले झाले होते." तिने शितं ताटलीत टाकली. "माझा तुमच्यावर राग नाही हो आता. तेच सांगतेय. नऊ वर्षं होता, आईच्या वेळेला फार होता. आता शोधला तर सापडत नाही."

राग असता तर बरं झालं असतं. राग धरणारं माणूस आपलं असतं. मी रडलो. तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि माझं रडणं संपेपर्यंत समोर बसून राहिली. उठून आली मात्र नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पाचवीतल्या त्या गुडघ्यानंतर तिने दुसरं काय करावं?

चार वाजता अंधारून आलं. सुहासने चहा केला. मीराने मला तिचं चित्र दाखवलं, सरळ गल्ली आणि दोन मजली घरं. निघताना वृंदाने माझा मफलर नीट गुंडाळला, कान झाकले आहेत का ते पाहिलं. परक्या म्हाताऱ्याचंही कोणी एवढं करील. मग स्वयंपाकघरातून सुमतीचा डबा आणून माझ्या पिशवीत ठेवला.

"अगं, ठेव तुला. आईचा आहे," मी म्हणालो.

"असू दे, सर. नाव कोरलेली वस्तू घरची घरी बरी."

सुहास मला चौकापर्यंत सोडायला आला. वळून पाहिलं तेव्हा वरच्या खिडकीत दिवा होता आणि मीरा हात हलवत होती. वृंदा तिच्या मागे उभी होती की तो पडदा होता, ते धुक्यात नीटसं कळलं नाही.

पुन्हा वाल्डॉर्फ

गाडीत समीरने एकदाच विचारलं, "आत घेतलं?" मी हो म्हणालो. ते खरंच होतं. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला.

घरी पोचलो तेव्हा अश्विनी जागी होती. चेहरा उजळला तिचा. "भेटल्या ताई? किती बरं झालं." ती माझी पिशवी रिकामी करायला बसली. मफलर, गोळ्या, नकाशाचा कागद, मग डबा. डबा लख्ख धुतलेला होता. सवयीने तिने झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि हळूच परत लावलं. फ्राऊ केलरच्या वेळी ती तासभर बोलत होती. या वेळी ती एक शब्द बोलली नाही. उठली आणि तिने माझ्यासाठी दूध गरम करायला ठेवलं.